देवाजींची तिसरी पिन

देवाजी गजभिये कोणत्याही तारेला आधी हाताची उलटी बाजू लावत. आमच्या अठरा वर्षांच्या ओळखीत त्यांची ही सवय मोडलेली मी पाहिली नाही. "सुलटा हात लावला तं झटक्यानं मूठ मिटते, मंग माणूस तार सोडू शकत नाही," ते सांगत. "उलटा लावला तं हात मागं फेकल्या जाते."

ते नागपूरच्या इंदोऱ्याचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी वायरमनचं लायसन मिळालं. या दोन्ही गोष्टी ते एका दमात सांगत. पहिली काही वर्षं त्यांनी एका ठेकेदाराकडे खापरखेड्याच्या कॉलनीत क्वार्टरांचं वायरिंग केलं, पुढे स्वतःचं काम सुरू केलं. सायकलच्या कॅरियरला लाकडी पेटी बांधलेली. पेटीत पक्कड, पेचकस, काळी पट्टी आणि होल्डरला दोन तारा जोडलेला साठ वॅटचा एक बल्ब. सगळे जण टेस्टरवर काम भागवत, देवाजी मात्र बल्ब लावून पाहत. "टेस्टर खोटं बोलते, साहेब. बल्ब नाही बोलत."

एवढ्या काळजीमागे एक कारण होतं. अठ्ठावन्न साली कवडू नावाच्या उस्तादाबरोबर ते एका लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळा लावत होते. मांडवाचा एक खांब लोखंडी होता. अवेळी पाऊस झाला, तारेचा एक जोड भिजला आणि त्या खांबाला धरून कवडू गेला. "त्या जोडावर पट्टी मी गुंडाळली का त्यानं गुंडाळली, मले आठवतच नाही," देवाजी एकदा मला म्हणाले. "लय आठवून पाह्यलं. नाही आठवत." त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं होतं : आपल्या हातच्या कामानं ज्या दिवशी कोणाला झटका बसेल, त्या दिवशी पेटी खाली ठेवायची. हे त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ते स्वतः तर कधीच विसरत नसत.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो दिवस आल्यासारखं झालं, आणि झटका बसला तो माझ्याच घरात.

आदल्या वर्षी आम्ही कपडे धुण्याचं मशीन घेतलं होतं. एका बाजूला धुण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला कपडे गरगर फिरवून सुकवणारा ड्रायर. एप्रिलच्या शेवटी ड्रायर बंद पडला. देवाजींनी मशीन आडवं करून पाहिलं, तर घुशीनं खालून शिरून तारा कुरतडल्या होत्या. त्यांनी तारा बदलल्या, ड्रायरच्या मोटरचा कंडेन्सर बदलला. मग त्यांचं लक्ष प्लगकडे गेलं. मशीन बसवून देणाऱ्या माणसानं हिरवी तार कापून, टोक पट्टीत गुंडाळून, दोन पिनांचा प्लग लावून दिला होता, कारण मोरीजवळचा सॉकेट दोन पिनांचा होता.

"हे काय करून ठेवलं, साहेब? पाण्यात उभं राहून चालवायचं मशीन आणि अर्थिंगच नाही?"

त्यांनी तीन पिनांचा सॉकेट बसवला, मेन बोर्डापासून अर्थिंगची तार ओढून आणली आणि मशीनची हिरवी तार तिसऱ्या पिनेला जोडली. ड्रायर फिरायला लागला. माझी पत्नी इंदुताई खूश झाली. देवाजी चहा घेऊन गेले. हा सोमवार.

गुरुवारी दुपारी ऑफिसात शेजाऱ्यांचा फोन आला. नळाला पाणी उशिरा आलं म्हणून इंदुताईनं एक वाजता कपडे लावले होते. ड्रायरचं झाकण उघडताना तिच्या बोटांना मुंग्या आल्या. घाबरून तिनं मशीन बंद केलं. मी घरी येईपर्यंत ती त्याच्यापासून दोन हात दूर खुर्ची टाकून बसली होती, जणू ते अंगावर येईल.

शुक्रवारी सकाळी आठला देवाजी आले. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरची कामं सकाळी नाहीतर सूर्य कलल्यावर. दुपारी माणूस घराबाहेर पडत नाही. त्यांनी पूर्ण मशीन उघडलं, एकेक जोड ओढून पाहिला, बल्ब लावून पाहिला. काही सापडलं नाही. मग ते बराच वेळ तारांच्या जुडग्याकडे बघत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, जरा इकडं येता का? ही तार कोण्या रंगाची आहे?"

"लाल," इंदुताई म्हणाली.

"आणि ही?"

"हिरवी."

"पक्की हिरवी?"

"पक्की."

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. मला ते माहीत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याला तारांचे रंग शिकवले, त्यानं माझ्या बायकोला रंग विचारावा, हे मला ऐकवलं नाही. मी उगाच आत जाऊन पाणी घेऊन आलो.

तारा बरोबर होत्या. तरी समाधान होईना. देवाजींनी चपला काढल्या, मोरीत बादलीभर पाणी ओतलं, त्या पाण्यात अनवाणी उभे राहिले आणि चालू मशीनला आधी उलटा, मग सुलटा हात लावला. काही झालं नाही.

"मशीन तं गरीब गायीसारखं आहे," ते म्हणाले. पण जाताना दारात थांबले. "ताईले भास तं नसन झाला?"

"भास होतो तो तुमच्या साहेबांना, दर महिन्याला रक्तदाबाचा," आतून इंदुताई म्हणाली. "मला मुंग्याच आल्या."

रविवारी दुपारी भास-बीस काही राहिला नाही. मी समोरच्या खोलीत कूलरपुढे वर्तमानपत्र वाचत होतो. मागून भांडं पडावं तसा आवाज आला. जाऊन पाहतो तर इंदुताई मोरीच्या भिंतीशी बसलेली, तोंड पांढरंफटक, कोपर सोललेलं. ड्रायरमधून साडी काढताना तिचा हात कडेला चिकटला होता. किती वेळ, ते तिला सांगता येईना. ओल्या फरशीवर पाय घसरला म्हणून हात सुटला. म्हणजे ती पडली म्हणून वाचली. डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं.

ऊन उतरल्यावर मी इंदोऱ्याला गेलो. देवाजी ओट्यावर बसले होते, अंजनाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी झालं ते सांगितलं. अंजनाबाईंचा हात थांबला.

"भाऊ, खरं सांगा. यायच्याच हातानं झालं का?"

"ते अजून कळायचं आहे."

"मी दोन वर्षांपासून म्हणून राहिली, मोतीबिंदू काढून घ्या, नाहीतं पेटी ठेवा. तं म्हणतात, मले दिसते. काय दिसते? परवा माठ समजून बादलीत ग्लास बुडवला यायनं."

"चूप ना वं," देवाजी म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. ते माझ्याकडे न बघता बोलले. "ताई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"उद्या येतो, साहेब. उद्या सापडलं नाही, नाहीतं माझ्याच हातचं निघालं, तं पेटी तिथंच ठेवून येईन."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोंदी ठेवण्याची मला ऑफिसची सवय आहे. घरातही दूध किती वाजता आलं, गॅस कधी लावला, हे मी एका वहीत लिहून ठेवतो. इंदुताईला त्याचा कंटाळा आहे. ती वही काढून मी पाहिली. पहिला झटका गुरुवारी, एक वाजून दहा मिनिटांनी. दुसरा रविवारी, पावणेदोनच्या सुमारास. मधल्या शनिवारी तिनं भीत भीत सकाळी सातला मशीन लावलं होतं. काहीही झालं नव्हतं. देवाजींनी तपासलं तेही सकाळीच.

सोमवारी आठला देवाजी आले, तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजव्या डोळ्याजवळ धरून वाचली.

"म्हणजे दुपारी काहीतरी होते."

"असं दिसतंय."

"मंग दुपारपर्यंत मी इथंच बसतो."

मी ऑफिसला कळवून रजा टाकली. इंदुताईनं त्यांना जेवायला वाढलं, पण त्यांनी अर्धी पोळी खाऊन ताट बाजूला सारलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून ते बसून राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. बाहेर रस्ता ओस पडला. मी समोरच्या खोलीत नेहमीप्रमाणे कूलर लावला आणि त्यांना आत बोलावलं. ते आले नाहीत.

एकला इंदुताईनं दुरूनच सांगितलं, "आता लावा." देवाजींनी मशीन सुरू केलं आणि माझ्या घरातला टेस्टर पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल झाला.

कपाळावरचा घाम त्यांनी बाहीनं पुसला. मग मशीनचं बटण बंद केलं. दिवा तसाच. सॉकेटचं बटण बंद केलं. दिवा तसाच.

"साहेब, मशीन बंद आहे. बटण बंद आहे. तरी अंगात करंट."

"म्हणजे?"

त्यांनी प्लगच उपटला. दिवा विझला. पुन्हा खोचला, बटण न लावता. दिवा लागला. ते उठून उभे राहिले. "मशीनमधून करंट येऊन नाही राहिला, साहेब. हिरव्या तारेतून येऊन राहिला. बाहेरून."

मग ते घरभर फिरले. मी टेस्टर धरून मशीनपाशी बसलो आणि ते एकेक वस्तू बंद करत ओरडत राहिले. फ्रिज? आहे. स्वयंपाकघर? आहे. पंखे? आहे. शेवटी समोरच्या खोलीतला कूलरचा घरघराट थांबला आणि माझ्या हातातला दिवा विझला.

"गेला," मी म्हणालो.

नागपुरात कूलरला थोडा करंट असतोच, असं आपण सगळे धरून चालतो. पाणी भरताना पायात चप्पल घालायची, पत्र्याला ओला हात लावायचा नाही, पोरांना दोन शिव्या हासडायच्या, की झालं. आमच्या कूलरच्या पाण्याच्या पंपात दोन वर्षांपासून करंटची गळती होती. तो करंट पंपातून कूलरच्या पत्र्यात आणि तिथून अर्थिंगच्या तारेत जात होता. अर्थिंगचं काम तो जमिनीत जिरवायचं. तो जिरत नव्हता. म्हणून तीच तार धरून तो घरभर फिरत होता आणि देवाजींनी नेमकी तीच तार मशीनला जोडली होती. दोन पिनांच्या प्लगवर आमचं मशीन एक वर्ष बिनधोक चाललं आणि तिसरी पिन लागताच त्यानं इंदुताईला धरलं.

"पण जिरून काहून नाही राहिला?" देवाजी स्वतःशीच बोलले. मग मला विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. बोट दाखवायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. दिवाळीआधी मी अंगणात सिमेंटचा कोबा करून घेतला होता. चिखल नको, गवत नको, पाणी मारलं की स्वच्छ. गवंड्यानं विचारलंही होतं, या कोपऱ्यातल्या खड्ड्याचं काय करू. मी म्हटलं होतं, सगळं एकसारखं करून टाक. दर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण सहा महिन्यांत तिथे खड्डा होता हेच मी विसरलो होतो.

देवाजींनी मेन बोर्डावर त्यांचा बल्ब लावला. एक तार करंटच्या लाल तारेला, दुसरी अर्थिंगला. बल्ब पेटला, पण विझत्या निखाऱ्यासारखा. खालची जमीन पार वाळली होती आणि कोरडी माती करंट ओढून घेत नाही.

"चूक माझी आहे, देवाजी," मी म्हणालो. "कोबा मी घातला."

"तो तुमचा. पण अर्थिंगची तार जोडण्याआधी हा बल्ब मी लावाले पाहिजे होता. दर खेपेले लावतो. त्या दिवशी तुमचं घर म्हणून नाही लावला. साहेबाचं घर आहे, सगळं ठीकच असन, असं समजलो."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. छिन्नीनं हातभर कोबा फोडला. खालच्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. देवाजींनी मीठ आणि कोळसा टाकून आठ बादल्या पाणी ओतलं. ते जमिनीनं आवाज करत ओढून घेतलं. बल्ब पूर्ण पेटला, कूलरचा पंप बदलला, इंदुताईनं दुपारी दोनला साडी सुकवली. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

देवाजींच्या लेखी संपलं नव्हतं. "या मोसमात आणखी सात घरी तिसरी पिन जोडली मी, साहेब. सातही घरी कूलर आहेत. बल्ब लावला होता, पण तो पुरा पेटला का मंद, ते या डोळ्यानं नक्की नाही सांगता येत."

त्यातली चार घरं माझ्या शिफारशीनं मिळालेली होती, म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. भर दुपारी, कारण कूलर चालू असतानाच कळणार. रामदासपेठेत, लक्ष्मीनगरात लोक दारं उघडून आमच्याकडे वेड्यासारखं बघत. सहा घरं झाली. पाच ठीक होती. एका ठिकाणी बल्ब जरा मंद होता, तिथे त्यांनी स्वतः पाणी ओतलं. सातवं घर धंतोलीत गणपतरावांचं. त्याला कुलूप. शेजारी म्हणाले, वर्ध्याला लग्नाला गेलेत, उद्या परवा येतील.

"परवा येऊ आपण," मी म्हणालो.

"ते उद्याच आले तं? लग्नातून आले का पहिले कपडेच धुतात लोक."

मीटर व्हरांड्यात बाहेरच होता. देवाजींनी मीटरखालचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि खिशात टाकला. मग माझ्याकडून कागद घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं : फ्यूज माझ्याकडे आहे. मशीनला हात लावू नये. देवाजी वायरमन, इंदोरा. कागद कुलपात अडकवला.

त्या संध्याकाळी मी अंजनाबाईंना सगळं सांगितलं. चूक माझ्या कोब्याची, हे दोनदा सांगितलं.

"अर्धी," देवाजी मधेच म्हणाले.

अंजनाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुमचा नेम पुऱ्या चुकीचा होता का अर्ध्याचा?"

देवाजी खिशातून फ्यूज काढून नुसता हातात फिरवत राहिले.

"त्या घरचं झाल्याशिवाय पेटी ठेवता येत नाही, हे मले समजते," त्या म्हणाल्या. "पण तिथं मी येईन संग. बल्ब मी पाहीन. आणि पावसाळ्यात मोतीबिंदू काढायचा. हे कबूल असन तं पुढं बोला."

"बाई माणूस वायरमनच्या संग..."

"काहून? बल्ब का माणसायलेच दिसते?"

गणपतराव दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आले. दुपारी आम्ही पोचलो, तेव्हा ते बनियनवर व्हरांड्यात बसून पेपरनं वारा घेत होते.

"या. लोकांच्या घरचे चोर भांडी नेतात, आमच्या घरचे फ्यूज नेतात. सेहेचाळीस टेंपरेचर आहे, कल्पना आहे का?"

मी माफी मागितली. देवाजींनी फ्यूज बसवला, कूलर लावायला सांगितला आणि बल्बचा होल्डर अंजनाबाईंच्या हातात दिला. गणपतरावांनी भुवया उंचावल्या. देवाजींनी एक तार लालला धरली, दुसरी अर्थिंगला नेऊ लागले.

"थांबा," अंजनाबाई म्हणाल्या. "पुरा पेटला का कसा दिसते, ते दाखवा पहिले."

देवाजींनी दुसरी तार न्यूट्रलच्या काळ्या तारेला लावली. बल्ब लख्ख पेटला. अंजनाबाईंनी पदराची सावली करून तो नीट बघून घेतला.

"आता दुसरं लावा."

देवाजींनी अर्थिंगला लावली. बल्ब पेटला. मला तो तितकाच वाटला. गणपतरावही म्हणाले, "झालं ना? ठीक आहे ना?"

अंजनाबाई बल्ब तोंडाजवळ घेऊन बघत राहिल्या. देवाजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पिवळा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "थोडासाच. पण मघासारखा नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

देवाजींनी तार सोडली. कूलरच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग आत जाऊन मशीनचा प्लग उपटला, बाहेर येऊन फ्यूज काढला आणि गणपतरावांना विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठं आहे, साहेब?"

गणपतराव आता उठून उभे राहिले होते. त्यांची सून आतल्या दारात ओल्या कपड्यांची बादली घेऊन थांबली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, अंगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवलं आणि त्यात ओतायला स्वतः विहिरीचं पाणी काढायला गेले.